शवघरातला पानफिल

पानफिल ओकुलोव सायबेरियातल्या तोम्स्कला आला तो पायी, साखळदंडात. शिक्षा भोगून झाली तेव्हा मूळ गावी परतायची मुभा नव्हती, आणि तिथे वाट बघणारंही कुणी उरलं नव्हतं. तो इथेच राहिला, उस्तिन्याशी लग्न केलं. त्याच सुमारास बर्चच्या रानात त्या मुलखातलं पहिलं विद्यापीठ बांधायला घेतलं होतं. पानफिलने तिथे विटा वाहिल्या. भिंती चढत गेल्या आणि पानफिलची पाठ वाकत गेली. पांढरी इमारत उभी राहिली तरी दारं काही उघडेनात. राजधानीतल्या बड्या लोकांना म्हणे धास्ती होती, हद्दपारांच्या मुलखात शिकलेली पोरं जमली तर काय होईल! एकदाची परवानगी आली, तीही फक्त वैद्यकीपुरती.

वैद्यकी म्हटल्यावर मढी आली. ती उचलायला, धुवायला, पुरायला माणूस हवा होता आणि गावात कुणी तयार होईना. पानफिल गेला.

"विटांपेक्षा हलकं काम आहे," तो बायकोला म्हणाला.

"असेल. पण विटा वाहत होतात तेव्हा विहिरीवरच्या बायका माझ्यापासून अंग चोरत नव्हत्या," उस्तिन्या म्हणाली. "आणि हात धुतल्याशिवाय चुलीजवळ येऊ नका."

शवघरात यायचे ते बेवारशी. बहुतेक खाणींतून पळालेले, रानोमाळ भटकून तुरुंगात येऊन मेलेले. पकडल्यावर ते एकच सांगत, नाव आठवत नाही. खरं नाव सांगितलं की चाबूक आणि पुन्हा खाण. सरकारदरबारी मग सगळ्यांचं नाव एकच, इवान. पानफिल त्यांना कोमट पाण्याने आंघोळ घाली, क्रूसाची खूण करी आणि पुटपुटे, "देवा, हा तुझाच कुणीतरी. नाव तुला ठाऊक असेल." मग शिकायला पोरं येत. पाद्र्यांची पोरं, विरलेले कोट, काळ्या पावावर जगणारी. फिओक्तिस्त नावाचा एक काटकुळा तर पहिल्याच दिवशी धाडकन पडला. पानफिलने त्याच्या मानेला बर्फ चोळलं.

"काका, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"मेलेल्याची कसली भीती, बाळा? मला चालवत आणलं ते जिवंत माणसांनी."

तिसऱ्या वर्षी, ईस्टरच्या आधीच्या उपासांत, एका सकाळी घसरगाडीतून एक मढं आलं. पानफिलने चेहरा पुसला आणि त्याचा हात थांबला. उजवा कान अर्धा झडलेला होता. थंडीने झडलेला. तो झडला तेव्हा पानफिल शेजारीच होता.

तो तेरेन्ती होता. दोघे एकाच साखळीत चालत आले होते. वाटेत पानफिलचे पाय गारठून काळे पडले. आजाऱ्यांच्या गाडीत एकच जागा उरली होती आणि ती तापाने फणफणलेल्या तेरेन्तीला मिळाली होती. तो खाली उतरला. "चढ रे," म्हणाला, "मला बसून कंटाळा येतो." आणि तापातच चालत राहिला.

पानफिलने ओला फडका खाली ठेवला. मग प्राध्यापक अर्काद्य ल्वोविच यांच्या खोलीत गेला.

"साहेब, आज आलेला मला द्या. पुरायचाय."

प्राध्यापकांचे डोळे जागरणाने लाल झाले होते. "नातेवाइकालाच देता येतो, पानफिल. नियम मी केलेला नाही."

"नातेवाईक आहे ना. मी."

"तू? कोण लागतो तुझा?"

"एका साखळीतला."

प्राध्यापकांनी चष्मा काढून डोळे चोळले. "भाऊ म्हणून लिहितो. नाव काय?"

"नाव नका लिहू."

"अरे, मेलेल्याला आता कोण चाबूक मारणार आहे?"

"त्याने मरेपर्यंत सांगितलं नाही, साहेब. मग मी कोण सांगणारा?"

दफनभूमीतली जमीन थंडीने दगड झाली होती. पानफिलने शेकोटी पेटवली, माती जरा सैलावली की खणू लागला; पण चार घाव घातले की कंबर धरून बसायचा. दुपारी फाटकातून पोरं आली.

"काका, परीक्षा तोंडावर आली आणि तुम्ही आमचा अभ्यासच पुरायला निघालात!" एकजण ओरडला आणि त्याने पानफिलच्या हातून कुदळ काढून घेतली. आळीपाळीने त्यांनी खड्डा खणून पूर्ण केला. पाद्री मिळाला नव्हता, म्हणून फिओक्तिस्त पुढे झाला. वडिलांच्या तोंडून ऐकून प्रार्थना त्याला पाठ होती.

"काका, नाव काय घेऊ?"

पानफिलने आजूबाजूला पाहिलं. पोरांशिवाय कुणी नव्हतं.

"तेरेन्ती," तो म्हणाला. "पण हळू घे."

फिओक्तिस्तने हळूच घेतलं. पानफिलला वाटलं होतं, आता रडू येईल. रडू आलं नाही. नुसती झोप येत होती. तो रिकाम्या घसरगाडीत टेकला आणि पोरांनी त्याला तसंच ओढत घरी नेऊन सोडलं. उस्तिन्याने काही न विचारता त्याचे बूट काढले. सोमवारी दुसरं मढं आलं आणि त्याने पाणी तापवायला ठेवलं.

मग पटकीचा उन्हाळा आला. पोरं नदीकाठी, जमिनीच्या आशेने आलेल्या स्थलांतरितांच्या झोपड्यांत रोग्यांपाशी जाऊन राहिली आणि हाडांचे सापळे होऊन परतली. पहिले डॉक्टर झाले ते पांगले. फिओक्तिस्तला दूर उत्तरेला नेमणूक मिळाली. निघताना तो शवघरात आला. "येतो, काका," एवढंच म्हणाला.

"आता सोडा की ते काम," उस्तिन्या दर वर्षी म्हणे.

"मी सोडलं तर गार पाण्याने उरकतील गं."

एका हिवाळ्यात भरलेली बादली जमिनीवरून उचलेनाच. पानफिलने शवघराची किल्ली प्राध्यापकांच्या टेबलावर ठेवली.

"थकलो, साहेब."

"मीही," अर्काद्य ल्वोविच म्हणाले. "बस. चहा घे."

साहेबांसमोर खुर्चीत तो आजवर कधी बसला नव्हता. दोघे चहा प्यायले. बाहेर नव्या वर्षाची पोरं बर्फात एकमेकांना ढकलत खिदळत होती. प्राध्यापक खिडकीची उघडी झडप लावायला उठले.

"राहू द्या, साहेब," पानफिल म्हणाला. "हसू देत त्यांना."