एडनचे बूट

कुडपणच्या मालोजीने चौदा वर्षं मालवाहू बोटीवर स्वयंपाक केला, पण गावात त्याला कुणी स्वयंपाकी म्हणत नसे. तो 'एडनवाला'. दोन वर्षांतून एकदा सुट्टी मिळाली, की परतीच्या वाटेवर एडन बंदरात उतरून तो घड्याळं, बॅटऱ्या, वस्तरे घ्यायचा.

"इथं दहाला, तिथं चाराला!" पडवीत पेटी उघडून तो सांगे.

"आणि बोटीचं भाडं रे?" सोनबाकाका डिवचायचा.

"भाडं? काका, बोट मला पगार देते!"

मुंबईच्या गोदीत कस्टमवाला किती काढून घेतो, हे मात्र तो कधी बोलला नाही.

एकसष्ट साली धाकट्या भावाचं, सदूचं पत्र आलं. मुंबईची एक गिरणी महाडला पळण्याची शर्यत घेणार होती. पहिल्या तिघांना कायमची नोकरी. अट एकच, खिळ्यांचे बूट हवेत. ते महाडच्या दुकानात आलेही होते. मालोजीने उलट टपाली कळवलं, 'तिथं घेऊ नको. निम्म्यात आणतो. माप धाड.'

आईने, तुळजाबाईने, सदूचा पाय शेणाने सारवलेल्या जमिनीवर टेकवला, भाताची काडी टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरली, तोडली आणि पाकिटात घातली.

एडनच्या दुकानदाराने काडी बुटात घालून पाहिली आणि एक जोड पुढे केला. मालोजीने तो मागे सारला, बोटभर आखूड मागितला. डोंगरात वहाण अशीच घेतात. घट्ट घ्यायची, करंजेल चोळायचं, आठ दिवसांत चामडं पायाला येतं. दुकानदार मान हलवत राहिला. मालोजीला वाटलं, मोठा जोड जास्त पैशाला गळ्यात मारतोय.

शर्यतीच्या सहा दिवस आधी तो घरी पोचला.

"दादा, लई आवळतात रे."

"आवळणारच. वहाण नि सासू, सुरवातीला चावतेच."

"ही वहाण नाय. खाली खिळ्यांचा पत्रा हाय."

तेल मुरलं, पण पत्र्याला धरलेलं चामडं हललं नाही. काडीने लांबी सांगितली होती. अनवाणी वाढलेल्या पंजाची रुंदी तिला कुठून कळावी? चौथ्या दिवशी करंगळीचं साल निघालं. तेव्हा दोघे डोंगर उतरले आणि पोलादपूरहून एसटीने महाडला गेले.

"सगळे जोड गेले हो," महाडचा दुकानदार म्हणाला. "माझे असते तर पायात घालून बघितले असतेत, नाही बसले तर बदलून दिले असते. हे बदलायला आता एडनला जा."

बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं खो खो हसली.

"अनवाणी पळतो," बाहेर आल्यावर सदू म्हणाला.

"उभा करणार नायत तुला."

सदू बूट घालूनच पळाला. तिसऱ्या फेरीपर्यंत दुसरा होता. चौथ्या फेरीत, पाऊल टेकवायच्या आधी तो किंचित थांबतोय, हे काठावरून दिसायला लागलं. तो पाचवा आला. डाव्या पायातला बूट कापून काढावा लागला.

घरी तुळजाबाईने जखमेत हळद भरली. आठवड्याने पाय काळानिळा पडला. महाडच्या डॉक्टरांनी दोन बोटं काढली.

मालोजी दवाखान्यात खाटेशी उकिडवा बसला होता.

"सदू, एक सांगू? कस्टम धरलं तर हे बूट महाडाइतक्यालाच पडले."

"आणि ती घड्याळं?"

"तीबी. वाचले तर आठ-बारा आणे."

"मग कशापायी रे, दादा?"

मालोजी गादीची शिवण उसवू लागला.

"गावात यायचं तर काय म्हणून यायचं? दुसऱ्यांची भांडी घासून आलो म्हणून?"

सदूने तोंड भिंतीकडे केलं. "माझी नोकरी होती रे ती," तो भिंतीलाच म्हणाला.

सुट्टी संपली. मालोजीने पेटी डोक्यावर घेतली. सदू उंबऱ्याच्या आत पाय लांब करून बसला होता.

"येतो रे," मालोजी म्हणाला. उभा राहिला. पुन्हा म्हणाला, "येतो."

सदूने मान आत वळवली.

"आये," तो म्हणाला, "दार लाव गो. वारं येतंय."