गळ्यापर्यंत भरलेली बाटली

दहावीत असताना माझं पुढचं शिक्षण एका प्लास्टिकच्या बाटलीवर अडलं होतं, असं मी वर्गात सांगते तेव्हा मुलं हसतात. हसू देत. मलाही आता हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं.

आमचं गाव पंढरकवड्याकडचं. बाबा जिनिंगमध्ये प्रेसवर होते. सरकी काढलेली रुई दाबून तिच्या गाठी बांधायच्या, हे त्यांचं काम. ती वर्षं कापसाची वाईट होती. भर हंगामातही जिनिंगचा भोंगा दोन-दोन दिवस वाजत नसे. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव कशासाठी छापून येतं हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यावर घरात कोणी बोलत नसे.

गावात अकरावी होती, पण आर्ट्सची. मला सायन्स हवं होतं आणि त्यासाठी रोज एसटीने पंढरकवड्याला जावं लागणार होतं. आमच्या घरात माझ्याआधी दहावीपर्यंतही कोणी पोचलेलं नव्हतं. बाबा चौथी शिकलेले. त्यांनी नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, "सायन्स म्हंजे काय असते, ते मले एकदा दाखव. मंग पाहू."

त्याच आठवड्यात विज्ञानाच्या सरांनी पाण्याचं रॉकेट करायला सांगितलं. शनिवारी शाळेत प्रयोग दाखवायचे होते, पालकांना बोलावणं होतं. रॉकेट शाळेच्या पाण्याच्या टाकीवरून गेलं पाहिजे, अशी सरांची अट. मी बाबांना म्हटलं, "शनिवारी या. दाखवते."

गावातल्या एका लग्नातली थंड पेयाची दोन लिटरची बाटली मिळाली. जुन्या चपलेचं रबर कापून बूच केलं आणि त्यातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आरपार बसवला. पुठ्ठ्याचे तीन पंख चिकटवले. बाटलीत पाणी भरायचं, बूच ठोकायचं, तीन विटांच्या मधोमध ती उलटी उभी करायची आणि पंपाने हवा मारत राहायचं. आत दाब वाढला की बूच उडतं, पाणी खाली सुटतं, बाटली वर जाते.

आमची बाटली काही वर जात नव्हती. माझी वर्गातली मैत्रीण पंप मारी, मी विटा धरी. चार-सहा दट्ट्यांतच फस्सकन बूच निघे, सगळं पाणी आमच्या पायांवर सांडे आणि बाटली गुडघ्याएवढी उडून आडवी पडे. आम्ही पुन्हा भरायचो, आणखी काठोकाठ. आमच्याकडे काहीही भरायचं म्हणजे ठासून. बंडीत, म्हणजे बैलगाडीत, कापूस भरताना आम्हा पोरींना वर चढवत आणि आम्ही नाचून नाचून तो तुडवत असू. ज्याने जास्त कोंबला तो हुशार, हे लहानपणापासून पायांना माहीत. त्यामुळे बाटलीत जागा सोडायची, हे डोक्यात येणारच कसं?

गुरुवारी संध्याकाळी बाबा कामावरून आले. भुवयांवर रुईचे तंतू तसेच होते. ते उकिडवे बसून बघत राहिले.

"किती पाणी भरलं वं?"

"गळ्यापर्यंत."

"मंग हवा कुठी बसन?"

मी वैतागलेलीच होते. "बाबा, पाण्यानंच उडते ते! जेवढं पाणी तेवढा जोर."

"असं?" त्यांनी हनुवटीवरचा जुना व्रण चोळला. गाठीची पट्टी तुटून लागलेला होता तो. "पट्टी तुटली का गाठ कशी भडकन फुगते, पायलं ना तू? काहून फुगते? दाबून ठेवली म्हणून. आता पाण्याले दाबून दाखव बरं. दाबते का?"

मैत्रीण खुदकन हसली. "काका, तुमी सरच व्हा आता."

"सर व्हाले मले चौथीच्या पुढं कोणं बसू देल्लं?" तेही हसले.

मी सगळं पाणी ओतून दिलं आणि नुसती हवा भरली. बाटली टणकन उडाली, पण छपरापर्यंतच. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी हात झटकले. "आता ते तुया सराले विचार. आमच्या प्रेसमंधी पाणी नसते."

दुसऱ्या दिवशी सरांनी नीट समजावलं. दाबलेली हवा म्हणजे ढकलणारा जोर. पण ढकलायला काही जड हवं. पाणी जितक्या जोराने खाली फेकलं जातं, तितक्याच जोराने बाटली वर ढकलली जाते. नुसत्या हवेला वजन फार थोडं. नुसतं पाणी असेल तर त्याला फेकणारं कोणी नाही. "तुझ्या वडिलांनी अर्धं बरोबर सांगितलं, आणि अवघड अर्धं," सर म्हणाले. मी बाटलीवर पेनाने रेघा ओढल्या. पाव, तिसरा हिस्सा, अर्धी. संध्याकाळभर आम्ही उडवत राहिलो. तिसऱ्या हिश्श्याला बाटली सगळ्यात उंच गेली.

शनिवारी बाबा धुतलेला सदरा घालून आले आणि आत न येता कंपाउंडजवळच उभे राहिले. पंप मैत्रिणीकडे होता. वीस दट्टे झाले तरी बूच निघेना. मागून कोणी तरी म्हणालं, "पंक्चर काढून राह्यल्या वाटते पोरी!" हशा पिकला. मी विटा धरून राहिले. पुढच्याच दट्ट्याला धडाम आवाज झाला, बघायला जवळ वाकलेले सर नखशिखांत भिजले आणि बाटली टाकीच्या वरून, पाण्याची शेपटी सोडत, पलीकडच्या तुरीत जाऊन पडली.

हे आज मी मुलांना फळ्यावर बाण काढून शिकवते. एक बाण खाली, एक वर, दोन्ही सारख्या लांबीचे. वरचा बाण काढताना मी जरा थांबते. मुलांना वाटतं, मी पट्टी शोधते आहे.

बाबा तुरीत शिरून बाटली घेऊन आले. पंखांतला एक तुटला होता. घरी जाताना ते बाटली उन्हात धरून माझ्या पेनाच्या रेघा बघत होते.

"इथवरच पाणी?" त्यांनी मधल्या रेघेवर अंगठा ठेवला.

"हो."

"बाकी रिकामी नाही, हवा हाय."

"हो."

एसटीच्या थांब्याजवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "पंढरकवड्याची पास कुठी काढा लागते वं? इथं, का तिकडे डेपोत?"