मंदाताईंचं सतरावं गुणसूत्र

शेवटची भेट दवाखान्यात झाली, हडपसरला. मी खोलीत शिरताच मंदाताई म्हणाल्या, "या गोळे. बसा, पण थापा नकोत. दमायला होतं." मी गप्प बसलो. जन्मात पहिल्यांदाच!

प्रयोगशाळेत आमची टेबलं शेजारी. ताईंचं काम यीस्टवर... पावात घालतात तेच. त्यांची चप्पल वाजली की पेशी रांगेत उभ्या राहतात, असं मी शनिवार पेठेपासून धायरीपर्यंत सांगत फिरलो आहे. तर या पेशीत गुणसूत्रं सोळा. ताईंना त्यातल्या एकाची जास्तीची प्रत हवी होती, म्हणजे सतरा. त्यासाठी त्या दोन पेशींचं लग्न लावायच्या, पण वाण असा निवडायचा की केंद्रकं एकत्र येतच नाहीत.

"एका घरात दोन चुली!" मी म्हणायचो.

"हो. आणि क्वचित एकीवरचं भांडं दुसरीवर जातं. मला तेवढंच हवंय."

ते भांडं गेलं हे ओळखायचं कसं? मूळची आणि आलेली, त्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती एकेक वेगळं पोषकद्रव्य बनवणाऱ्या. ती दोन्ही द्रव्यं वगळलेल्या उपाशी प्लेटवर पेशी पसरायच्या. जिच्यात दोन्ही प्रती, तीच जगते. तीही रडतखडत, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका होऊन. उपास मोडला, की जास्तीचं ओझं टाकून मोकळी!

ताई दवाखान्यात असताना त्यांच्या सतरावाल्या पेशी ठेवलेला डीप फ्रीझर बंद पडला. शेजारच्या खोलीतले बापट जिवाणूंवर काम करणारे, देवमाणूस. नळ्यांतल्या अर्धमेल्या पेशींची त्यांना दया आली. त्यांनी त्या भरपूर खाऊ असलेल्या प्लेटवर घातल्या आणि आनंदाने मला फोटो पाठवला.

"माझे ठिपके कसे आहेत?" त्या शेवटच्या भेटीत ताईंनी विचारलं. मी तोंड उघडलं, तोच म्हणाल्या, "फोटो दाखवा."

दाखवला. पांढरेशुभ्र, गुबगुबीत ठिपके. त्यांनी एक डोळा मिटून फोन तिरपा धरला.

"छान वाढलेत," त्या म्हणाल्या. "म्हणजे गेलं सतरावं... बापटांना बोलू नका हं. उपाशी जिवाला माणूस जेवायलाच घालतो."

त्याच आठवड्यात त्या गेल्या.

बापटांच्या प्लेटवरचा ठिपका न् ठिपका मी उपाशी प्लेटवर उतरवून पाहिला. एकही जगला नाही. आता मीच ती लग्नं लावतो, पण ताईंचा हात माझ्याकडे नाही. रोज सकाळी ठिपका शोधत, त्यांच्यासारखाच एक डोळा मिटून प्लेट खिडकीच्या उजेडात तिरपी धरतो. आजही धरली... आरपार समोरची भिंत दिसली.