सगळ्यांचं एकशेवीस-ऐंशी

निवृत्त माणसानं दुपारी झोपून स्वप्नं बघावीत. महानंदाबाई ती जागेपणीच बघत. मुदखेडजवळच्या त्या खेड्यात त्यांनी तीस वर्षं नर्सची नोकरी केली आणि आता ओसरीवर गावातल्या पोरींना नर्सिंगला जायच्या तयारीचे धडे देत. स्वप्न एकच. सोयाबीनच्या हिरव्या रानातल्या वाटेनं पांढऱ्या कपड्यातली एक मुलगी येते आहे आणि कुलूप लागलेलं आरोग्य उपकेंद्र उघडते आहे. अकरा पोरी शिकल्या त्या पुण्या-हैदराबादकडेच रमल्या. बाईंचा कुणावर राग नव्हता, पण वाट बघणं काही सुटत नव्हतं.

या वर्षी स्वप्नातल्या मुलीला चेहरा मिळाला होता. लुंबिनी! बोलायला गोड, हाताला हलकी, आणि 'शिकून हितंच येणार' असं स्वतःहून म्हणणारी. लातूरच्या कॉलेजात तिचा नंबर लागला होता. बुधवारी निघायचं होतं, पण तिच्या आईनं शेवटचा शब्द बाईंवर सोडला होता.

बाईंची एक रीत होती. जाण्याआधी पोरीनं पंधरा दिवस गावाचं बीपी मोजायचं आणि वहीत लिहायचं. गावही हौशी, म्हातारी माणसं बाही सरकवून तयारच असत. रविवारी दुपारी, आभाळ खाली उतरलेलं आणि सगळं गाव पेंगत असताना, बाईंनी ती वही उघडली. ग्यानोबा, एकशेवीस-ऐंशी. गुरम्मा, एकशेवीस-ऐंशी. पान उलटलं तरी तेच. बाईंनी वही लुंबिनीपुढे धरली.

"हे काय गं लुंबिनी?"

पोरीनं मान खाली घातली. "बाई, दुसरा आकडा सांगितला की तोंड उतरतंय त्यांचं. गुरम्माआज्जी तर रडायली होती. एकशेवीस म्हणलं की लई खुश होत्यात."

बाईंना रागावताही येईना आणि सोडूनही देता येईना. माणसाचं मन राखायला त्यांनीच तर शिकवलं होतं. पण अशी पोर उपकेंद्रात बसली तर गाव हसतहसत मरेल. हिला लातूरला धाडायचं कसं?

त्यांनी बांगड्या वर सारल्या आणि दंड पुढे केला. "मोज."

दूर मालगाडी चालली होती. तिचा आवाज विरेपर्यंत दोघी थांबल्या. मग दंडावरचा पट्टा फुगला, पारा चढला आणि सावकाश उतरू लागला. बाईंनी स्वतःचं बीपी दोन वर्षांत बघितलं नव्हतं, दिव्याखालीच अंधार. डोळे मिटून त्या मनात म्हणत होत्या, एकशेवीसच सांग गं बाई.

लुंबिनीनं पट्टा पुन्हा फुगवला, पुन्हा ऐकलं. मग तिनं बाईंच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"एकशेऐंशी. खालचं एकशेदहा."

बाईंनी बांगड्या खाली ओढल्या. "बघू पुढल्या आठवड्यात," त्या म्हणाल्या. "तुझी जायची गडबड हाय."

"न्हाई. आत्ताच मुदखेडच्या दवाखान्यात जायचं. चप्पल घाला."

तीस वर्षांत गावात कुणी त्यांना असं दरडावलं नव्हतं. बाई निमूट उठल्या.

वाटेत गुरम्मा उंबऱ्यात बसली होती. लुंबिनी तिच्यापुढे थांबली. "आज्जी, मी तुमाला खोटं सांगितलं. तुमचं लई वाढलंय. चला आमच्यासंगं."

म्हातारीचं तोंड उतरलं. लुंबिनीनं ते उतरू दिलं, आणि मग तिला हात देऊन उठवलं.

"घरी गेल्यावर बॅग भर," महानंदाबाई म्हणाल्या.