पाणवठ्यावर मोठ्याने बोलू नये

गुणाबाईने पनवेलच्या मासळी बाजारात एका टोकाला तोंड उघडलं की दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईक वळून बघतं. सुकी मासळी ओरडून विकावी लागत नाही, त्या कामाला वास पुरेसा असतो. तरी ती ओरडते. आवाज तिने बाजारात कमावलेला नाही, तो गव्हाणच्या खाडीकाठी बापाच्या, बुधाजीच्या, खारजमिनीत घडला. भरतीचं पाणी बांध फोडून आत घुसलं की बुधाजी एका टोकाला असायचा आणि पोरगी दुसऱ्या टोकाला, आणि हाक वेळेवर पोचली नाही तर वर्षाचं भात खारं व्हायचं. फुटलेल्या बांधात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून चिखलाचे गोळे टाकायचे, हे तिचं शिक्षण. तिचा धाकटा भाऊ धर्मराज तेव्हा पनवेलला खऱ्या शाळेत होता. त्याच्या चड्डीला इस्त्री असायची.

पुढे गुणाबाई करंजाड्याला दिली गेली, नवरा लवकर गेला, ती टोपली घेऊन बाजारात बसली आणि बसलेलीच राहिली. आता अठ्ठावन्न वर्षांची आहे. बुधाजी वारला तेव्हा त्या जमिनीत भातापेक्षा खेकडे जास्त पिकत होते आणि सातबाऱ्यावर चौघा भावंडांची नावं लागली याचं कुणालाच काही वाटलं नव्हतं. मग त्या बाजूने रस्ता जाणार असं ठरलं. पांढऱ्या गाड्यांतून काळे चष्मे लावलेली माणसं खेकडे बघायला येऊ लागली.

त्या भागात बहिणीने हिस्सा सोडायचा असतो. कायदा उलट सांगतो, पण कायदा काही भाऊबीजेला ओवाळून घ्यायला येत नाही. बहिणीने रजिस्टर ऑफिसात जाऊन हक्कसोडीवर सही करायची, भावाने साडी नेसवायची, आणि त्या बदल्यात माहेर चालू राहायचं. मधल्या दोघी बहिणींनी एकाच दिवशी सह्या केल्या. एकीला मोरपंखी मिळाली, दुसरीला आमसुली. गुणाबाई म्हणाली, "बघू." त्यानंतरच्या दिवाळीला धर्मराजचं बोलावणं आलं नाही. तिच्यापुढच्याही नाही. ती भाऊबीजेच्या दिवशी ताट करायची, चंद्राला ओवाळायची आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांशी भांडायची.

असा भाऊ एका सकाळी बाजारात आला, तिच्याशेजारी पालथ्या क्रेटवर बसला आणि म्हणाला, "बाय, आफ्रिकेला चल."

"कुठं?"

"आफ्रिकेला. हत्ती, सिंव्ह, जिराफ. मी, नीता आनि तू. पोराने सगळं बुक केलंय. तुझा पासपोर्ट मी काढतो."

शेजारच्या मसाल्याच्या दुकानातून शबनमचं सगळं लक्ष इकडेच होतं. धर्मराज गेल्यावर ती म्हणाली, "गुणाबाय, मला त्याची नियत साफ दिसत नाय. जो भाऊ पासपोर्ट काढून देतो, तो काय तरी काढून घेतल्याबिगर राहील का?"

गुणाबाईला हे कळत नव्हतं असं नाही. तिने त्याला फोन करून सरळ विचारलं, "जमिनीचं बोलायचं आसंल तर हितंच बोल. हत्तीसमोर नको."

"गावदेवीची शपथ बाय, जमिनीचं नाव काढणार नाय. दोघं भावंडं कदी कुठं गेलो का आपन?"

या शेवटच्या वाक्यावर ती फसली. फसली असं ती स्वतः म्हणते. कारण ते खरं होतं, ती दोघं कधी कुठंच गेली नव्हती.

दक्षिण आफ्रिकेतल्या त्या अभयारण्यात मुक्कामाची एक वसाहत होती. गोल भिंतींच्या, गवताने शाकारलेल्या झोपड्या, प्रत्येकीपुढे मांस भाजायची शेगडी आणि भोवती विजेच्या तारांचं कुंपण. सूर्य मावळला की फाटक बंद. त्यानंतर आतल्याने आत आणि बाहेरच्याने बाहेर. जनावरं मोकळी हिंडत होती आणि माणसं पैसे भरून कोंडून घेत होती, याचं तिथं कुणाला हसू येत नव्हतं. गुणाबाईला राग यायला सुरुवात विमानतळावरच झाली होती, तिथे तिच्या सुकटीच्या चटणीची बरणी काढून घेतली होती. गवताचं छप्पर पाहून तो वाढला. गव्हाणच्या घराचं असलंच छप्पर धर्मराजने लाज वाटते म्हणून उतरवलं होतं. इथे तो त्याच्याखाली उभा राहून फोटो काढत होता.

पण पहिला दिवस बरा गेला. उघड्या गाडीतून फिरताना धर्मराजने तिला खिडकीकडची म्हणजे काठाची जागा दिली, ऊन लागतंय का विचारलं, जिराफ तिला आधी दाखवला. नीता, त्याची बायको, मूळची उरणची, कमी बोलणारी. तिने दोनदा गुणाबाईच्या अंगावर शाल घातली. रात्री अंथरुणावर पडताना गुणाबाईला वाटलं, नसेल काढायचा विषय. माणूस बदलूही शकतो.

वसाहतीच्या कडेला, कुंपणाच्या आतून, एक पाणवठा दिसायचा. तिथे बाकं मांडलेली होती आणि एक पाटी होती, ओठांवर बोट ठेवलेल्या माणसाचं चित्र. बोलू नका, जनावरं बिथरतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोरी म्हातारी जोडपी दुर्बिणी गळ्यात अडकवून देवळात बसावं तशी बसली होती. धर्मराज बहिणीला घेऊन तिथे गेला. नीता झोपडीत भात लावत होती.

हत्तीणींचा एक कळप पाण्यावर आला. पिल्लू आईच्या पायांतून सोंड काढून बघत होतं.

"बाय," धर्मराज कुजबुजला. "बाबा आसते तर किती खूश झाले आसते."

गुणाबाईची पाठ ताठ झाली. वारलेला बाप वाक्यात आला की त्याच्यामागून जमीन येते, एवढा अनुभव तिच्या गाठीशी होता.

"परत गेलो की सोमवारची येळ घेतलीय मी," तो म्हणाला. "रजिस्टर ऑफिसात."

"कसली येळ?" तिचा आवाज जरासा सुटला. पुढच्या बाकावरच्या खाकी टोपीवाल्या म्हाताऱ्याने मान वळवली.

"बाय, हळू. हितं बोलायचं नाय." आणि धर्मराजने पाटीकडे बोट दाखवलं.

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. गव्हाणच्या घरात हे बोलणं काढलं असतं तर चार आळ्यांना ऐकू गेलं असतं. बाजारात काढलं असतं तर शबनमने साक्ष दिली असती. म्हणून तो तिला समुद्रापार घेऊन आला होता, तिला ओरडायला बंदी असेल अशा एकमेव जागी.

तिने कुजबुजून भांडायचा प्रयत्न केला. आगरी बाई कुजबुजून भांडते ते दृश्य त्या अभयारण्यात नोंदलेलं नसावं.

"देवीची शपथ घेतलीस तू."

"ती पनवेलमधी घेतलेली. हितं कुठं हाय देवी?"

"मी सही करनार नाय."

"दोघींनी केली ना? तुलाच काय झालंय? त्यांचं माहेर चालू हाय. तुझं मीच बंद करू का?"

"त्यांना साड्या दिल्यास."

"मग तुला आफ्रिका दिली ना, बाय!"

एकीला मोरपंखी, दुसरीला आमसुली, तिसरीला आफ्रिका. गुणाबाई उभी राहिली. पोटातून, जिथून भरतीच्या वेळी हाक काढायची, तिथून तिने आवाज काढला.

"आफ्रिका दिलीस? तुझ्या बापाची हाय का आफ्रिका? बांध फुटला तवा चिखल कोणी टाकला रं? कमरेएवढ्या पान्यात कोण हुभं होतं? तू इस्त्रीची चड्डी घालून पाढे म्हनत होतास! मोजनी आन. माझा हिस्सा येगळा कर. मी त्यात खेकडे पाळीन नायतर नुसती बसून राहीन, तुला काय करायचंय?"

हत्तीणींनी कान पसरले. म्होरक्या म्हातारीने सोंड उंच करून एकदा या बाजूला बघितलं, मग पिल्लाला पुढे घालून सगळा कळप झाडीत घेऊन गेली. पाणवठा रिकामा झाला. दुर्बिणी आता गुणाबाईवर होत्या. गणवेशातली एक पहारेकरीण आली, काहीतरी शांतपणे, पण ठामपणे बोलली. गुणाबाईला शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. तिने हात जोडून "सॉरी, बाय" म्हटलं. त्या संध्याकाळी तिने कुणाची माफी मागितली असेल तर एवढीच.

पनवेलला असतं तर ती पिशवी उचलून रिक्षात बसली असती. इथे रागावून निघून जायची सोय नव्हती, फाटक बंद झालं होतं आणि पलीकडे सिंह होते. एकाच झोपडीत, एकाच दिव्याखाली तिघं जेवायला बसली. नीताने दुकानातून आणलेल्या गोठवलेल्या माशाचं कालवण केलं होतं.

"ऐकलं का सगळं?" गुणाबाईने विचारलं.

"सगळ्या कॅम्पने ऐकलं," नीता म्हणाली.

धर्मराज ताटाकडे बघून म्हणाला, "लाज काढलीस बाय. चार लोकांत."

नीता भात वाढत होती. वाढता वाढताच म्हणाली, "माज्या भावाचा पन फोन आलेला, निघायच्या आदल्या दिवशी. श्रावणात सही करायला ये बोलला. साडीचा रंग विचारत होता."

धर्मराजचा घास हातात राहिला. "कुठल्या जागेची सही? उरनच्या रस्त्याला लागून हाय ती?"

"तीच."

"आनि तू काय बोललीस?"

"निळा बोलली."

"खुळी हायस का तू?" धर्मराजचा आवाज आता पाणवठ्यापर्यंत जाईल इतका चढला. "सही करायची नाय! तुझ्या बापाचा हिस्सा हाय तो. तुझा हक्क हाय, कायद्याने!"

छपराखालचा पंखा फिरत होता. नीता भाताची पळी धरून तशीच उभी राहिली. धर्मराजने तोंड मिटलं, पण वाक्य बाहेर पडलं होतं आणि झोपडी गोल होती, ते कुठल्या कोपऱ्यात जाऊन लपूही शकत नव्हतं.

"बोल ना पुढं," गुणाबाई म्हणाली. तिचा राग उतरला नव्हता, फक्त आता त्याला ओरडायची गरज नव्हती. "कायद्याने काय?"

त्याने हातातला घास परत ताटात ठेवला.

"सोमवारची येळ घेतलीयस ती मोडू नको," ती म्हणाली. "त्याच दिवशी आपन मोजनीचा अर्ज टाकू. नीता, तू पन चल. कसं करतात ते बघून ठेव."

नीताने नवऱ्याकडे बघितलं, मग पातेल्यात. माशाची मधली, मांसल तुकडी उचलली, जरा थांबली आणि ती गुणाबाईच्या ताटात वाढली. धर्मराजला शेपटी आली.