जळक्या जाळ्याची चव

माझा नवरा मालवाहू बोटीवर इंजिनात काम करतो. गेल्या उन्हाळ्यात सुट्टीवर येताना त्याने स्कॉटलंडची व्हिस्की आणली. ती घेऊन आम्ही माझ्या माहेरी, कारध्याच्या पुढच्या गावी गेलो. माझा मोठा भाऊ गावच्या तलावात मासे धरतो. जवाई आला म्हणून त्याने काठावर बाभळीखाली चटई टाकली, मासे तळले आणि बालमित्रालाही बोलावलं. या मित्राची धानाची शेती तलावाला लागून.

मागे एका वर्षी त्या तलावाच्या पाण्यावरून गावात लाठ्या चालल्या होत्या. धान वाळत होतं, शेतकऱ्यांना पाणी सोडायचं होतं. पाणी गेलं की मासे मरणार, म्हणून आमचे लोक पाळीवर, तलावाच्या बांधावर, आडवे झाले. त्यानंतर दोनच दिवसांनी, पलीकडच्या काठावरच्या झोपडीतली आमची सगळी नायलॉनची जाळी कुणीतरी पेटवली. माणसं पोचेपर्यंत नुसती राख उरली होती. दादाचा गावातल्या प्रत्येकावर संशय होता, या मित्राला सोडून.

नवऱ्याने पेले भरले. मीही घेतली. रंग काकवीसारखा गडद.

"शेरीच्या पिंपात मुरवतात," नवरा सांगत होता. "शेरी म्हणजे द्राक्षाची गोड दारू. अन् जव वाळवताना दलदलीतली माती जाळून धूर देतात. कमी वयाची आहे, म्हणून घसा जाळते."

आधी मनुकांचा गोडवा आला. तो जिभेवर टेकतो न टेकतो तोच धुराने घसा धरला. डांबर, दवाखान्यातलं औषध, जळकं रबर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दादाने घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "जवाईबापू, हे त जाळं जळल्यावानी लागून राहिलं."

मित्र खळखळून हसला. "हट बे! जाळं जळते तवा याच्यापेक्षा कडू वास येते. काळे थेंब टपटप गळतेत, डोळे उघडत नाही."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. "तुले कसं मालूम?"

मित्राचं हसू थांबलं.

"आमी पोचलो तवा राख होती. थेंब तू कवा पायले?"

"गड्या, धान मरत होतं..."

पुढचं दादाने ऐकलं नाही. काठाला लावलेल्या डोंग्यातलं वल्हं उचलून त्याने ते मित्राच्या हातावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मित्र ओरडला, पण पडला नाही. डोक्याने धडक देऊन त्याने दादाला पाण्यात लोटलं, छातीवर गुडघा रोवला आणि दुसऱ्या, धड हाताने त्याचं तोंड चिखलात दाबलं. नवरा त्याला मागून ओढत होता, तो हलेना. दादाचे पाय पाण्यावर आपटत होते. मी धावले आणि मित्राच्या मनगटात दात रुतवले. तोंडात रक्त आलं तेव्हा कुठे त्याची पकड सुटली.

गाडी एकच होती, आमची. दोघांना मागच्या सीटवर बसवलं आणि मी मधे बसले. वैनगंगेच्या पुलावर मित्र रडायला लागला. "म्याच जाळलो. एकट्यानं. कोनाचंच नाव घेऊ नको."

"कायले सांगतलं नाही मले?" दादा चिखल थुंकत म्हणाला. "पाणी मागाले माह्या घरी काहून नाही आला?"



भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशाने लागलं. मित्र म्हणाला, मोटरसायकलवरून पडलो. दादाने त्याचं बोलणं तिथेच तोडलं. "खोटं आहे. म्या मारलो. लिहून घ्या."

पोलिसांनी दोघांचेही जबाब घेतले. महिनाभराने गावसभेत मित्राने सगळ्यांसमोर गुन्हा कबूल केला. हात वाकडाच जुळला. यंदा रोवणीला तो बांधावर नुसता उभा होता. दादा डोंगा घेऊन त्याच्या शेतासमोरून जातो, तेव्हा दोघांपैकी कुणीही मान वळवत नाही. मी एकदा विचारलं, माफ करशील का. दादा म्हणाला, "बाई, मले अजून त्याचं हाड मोडल्याचा आवाज येते. अन् तो आवाज मले आवडते."