आधी मीच दिसावी

नातीची नजर जात होती आणि मी मीठ-मोहरी ओवाळत बसले, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा. आज ती तेव्हाची, साठीची शहाणी मी समोर आले, तर माझ्याच पाठीत धपाटा घालीन.

तापातून उठलेली सात वर्षांची स्वरा भर सकाळी कुडवा गावातल्या आमच्या अंगणात म्हणाली, “आजी, अंधार काऊन केला?” तिच्या आईची आई, म्हणजे माझी विहीण, तिरोड्याहून आलेली होती. ती म्हणाली, “विहीणबाई, हिले आत्ताच नागपूरले नेऊ.” हेच शेजारणीनं सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. पण पोरगी झोपायची विहिणीजवळ, गोष्ट ऐकायची विहिणीची, आणि आता हुकूमही विहिणीचा! “नजर लागली आहे,” मी ठसक्यात म्हटलं, आणि कोणाची ते डोळ्यांनीच दाखवलं. मुलगा-सून माझ्या शब्दाबाहेर नव्हते. दिवस गेला. दुसऱ्या सकाळी तिचे पायही उचलेनात.

नागपूरच्या डॉक्टरांनी समजावलं, की शरीराची राखण करणारी शक्तीच उलटते आणि नसांवरचं आवरण खाते. मुलांत क्वचित होणारा आजार. पाच दिवस सलाईनमधून औषध द्यायचं, नजर किती परत येईल ते सांगता येत नाही.

वॉर्डात आईसोबत एकीलाच बसू देत. स्वरानं विहिणीला मागितलं. मी बाहेर बाकावर बसले. देवीला म्हटलं, तिला दृष्टी दे, पण आधी मीच दिसावी. बघा, काय ती भक्ती! लेकराच्या डोळ्यांतही मी जागा धरून ठेवत होते. चौथ्या दिवशी दाराच्या काचेतून तिचा हात हवेत चाचपडताना दिसला, विहिणीचं बोट शोधत. माझा ताठा तिथंच उतरला. म्हटलं, माय, कोणीही दिसो, पण तिला दिसो.

थोड्याच वेळात फरशी पुसणाऱ्या बाईला स्वरा म्हणाली, “मावशी, तुमच्या बांगड्या हिरव्या हायेत.”

ना मी, ना विहीण! हे औषधानं झालं की देवीनं, मी वाद घालत नाही. दोघांपुढे हात जोडते. पाय सावरायला महिने लागले, डावा डोळा अजून जरा अंधुक आहे. पण मागताना अट घालू नये, एवढं मला कळलं.

बांगड्या दिसल्या त्याच दुपारी बाकावर मी विहिणीला सगळं सांगितलं, वाया घालवलेला दिवसही आणि देवीकडचं ‘आधी मीच’ हे मागणंही. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “त्या दिवसाची माफी मले नोका मागू, पोरगी मोठी झाली का तिले मागा. अन् मागण्याचं म्हणाल, तर मी बी आत बसून तेच मागून राहिली होती.”